क्राकूफ, बेताच्या खर्चात : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

युरोपातलं एखादं जुनं शहर चार दिवसांत, खिसा सांभाळून कसं बघावं, यावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या बऱ्याच पत्रांना उत्तर म्हणून एकच नाव सुचवावंसं वाटलं, म्हणून या वेळचं सदर दक्षिण पोलंडमधल्या क्राकूफ या एकाच शहराला दिलं आहे.

मुलगी म्युनिकला असते. तिच्याकडे जाऊ तेव्हा चार दिवस आम्ही दोघंच कुठेतरी जाऊन यायचं म्हणतोय. इतिहासाची आवड आहे. प्राग आणि व्हिएन्ना सगळेच सांगतात, पण तिथले हॉटेलांचे दर बघून हात आखडतो. तुम्ही काय सुचवाल आणि का? — पुणे

क्राकूफला जा. स्वस्त आहे हे एक कारण, पण ते दुसऱ्या क्रमांकाचं. पहिलं कारण असं की इथे दिसतं ते बहुतांशी मूळचं आहे. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा जवळजवळ जमीनदोस्त झालं आणि तिथलं जुनं गाव नंतर नव्याने बांधावं लागलं. क्राकूफ त्या विध्वंसातून वाचलं. १२४१ साली तातारांनी हे गाव उद्ध्वस्त केलं. त्यानंतर १२५७ मध्ये नवी सनद मिळून गावाची नव्याने आखणी झाली आणि त्या आखणीतला चौक आजही तसाच आहे. त्याचं नाव रिनेक. प्रत्येक बाजू सुमारे २०० मीटर, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या सर्वांत मोठ्या चौकांपैकी एक. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजदरबार वॉर्साकडे सरकू लागला, तोवर पोलंडचे राजे इथूनच राज्य करत. म्हणून पाचशे वर्षांचा ऐवज एका टेकडीवर आणि तिच्या पायथ्याशी साठला आहे. युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी केली, तेव्हा त्यातल्या १२ जागांमध्ये क्राकूफचं जुनं गाव होतं आणि शेजारची व्येलिच्काची मिठाची खाणही.

खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे हे सगळं पायी होतं. गावाची तटबंदी एकोणिसाव्या शतकात पाडली आणि तिच्या जागी झाडं लावली. ती प्लांटी नावाची बाग आज जुन्या गावाला सुमारे ४ किलोमीटरचा वेढा घालून आहे. उत्तरेच्या फ्लोरियन दरवाजातून निघून, रिनेक ओलांडून दक्षिणेला राजवाड्याच्या वावेल टेकडीवर पोचायला रमतगमत अर्धा तास लागतो. जुन्या गावात राहिलात तर पहिले दोन दिवस ट्रामचं तिकीटसुद्धा काढावं लागणार नाही.

बघण्यासारखं बरंचसं फुकट आहे. चौक, त्याच्या मधोमध असलेला कापडबाजार म्हणजे सुकिएन्नित्से (१५५५ च्या आगीनंतर आजच्या रूपात बांधलेला), विद्यापीठाच्या सर्वांत जुन्या इमारतीचं अंगण, वावेलचं आवार आणि तिथलं कमानींचं राजप्रांगण, कशालाच तिकीट नाही. विद्यापीठ १३६४ चं आहे आणि कोपर्निकस १४९१ पासून काही वर्षं तिथे शिकला.

मारियात्स्की चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला कर्णा वाजतो. वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात. चार दिशांच्या चार खिडक्यांतून तीच धून चार वेळा वाजते आणि दर वेळी मध्येच, सूर अर्धवट असतानाच तुटते. तातारांच्या बाणाने कर्णेकऱ्याचा गळा वेधला, म्हणून धून तिथेच थांबवायची, अशी दंतकथा सांगतात. दुपारी १२ ची धून १९२७ पासून पोलिश रेडिओवर थेट ऐकवली जाते.

तिकीट काढावंच अशी गोष्ट त्याच चर्चच्या आत आहे. व्हिट श्टोस या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ या काळात केलेली लाकडी वेदी. सांगाडा ओकचा, मूर्ती लिंडनच्या लाकडाच्या, मधल्या मूर्ती माणसापेक्षा उंच. जवळ जाऊन हात बघा. मनगटावरच्या शिरा आणि बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या लाकडात कोरल्या आहेत. वेदीला दारं आहेत आणि ती ११.५० ला उघडतात. साडेअकराला आत जाऊन पुढच्या बाकावर बसलात तर बंद बाजूची शिल्पंही दिसतील आणि दारं उघडतानाही. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, पर्यटकांना दुपारनंतर सोडतात. आत जायचं तिकीट वेगळ्या खिडकीवर, चर्चसमोरच्या छोट्या चौकात मिळतं. ते न काढता दाराशी रांगेत उभे राहणारे परत पाठवले जातात.

दुसरी न चुकवण्याची गोष्ट चार्तोरिस्की संग्रहालयातलं लिओनार्दोचं ‘एर्मिन घेतलेली स्त्री’ (एर्मिन म्हणजे मुंगसासारखा छोटा प्राणी). अक्रोडाच्या फळीवरचं हे चित्र जेमतेम ५४ बाय ३९ सेंटिमीटरचं आहे. लिओनार्दोने काढलेली स्त्रियांची चित्रं जगात मोजकीच उरली आहेत आणि इथे सकाळी उघडताच गेलात तर चित्रासमोर निवांत उभं राहता येतं. पॅरिसमध्ये मोना लिसासमोर ते शक्य नाही.

मी स्लाउमध्ये नोकरी करतो. भारतीय पासपोर्ट आहे. लंडनहून क्राकूफची विमानं फारच स्वस्त दिसतात. शुक्रवारी रात्री जाऊन सोमवारी परत येणं जमेल का? नंतर अंगावर येणारे खर्च कोणते? — स्लाउ, इंग्लंड

जमेल, पण आधी व्हिसा. तुमचा ब्रिटनचा परवाना शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, चालत नाही. पोलंड २००७ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा काढावा लागेल. फी ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. म्हणजे व्हिसा विमानाहून महाग पडतो. एका वीकेंडसाठी तो काढू नका. सहा महिन्यांत दोन-तीन युरोपीय सहली बसवायच्या असतील तर अर्जात तसं स्पष्ट लिहून बहुप्रवेश व्हिसा मागा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अडतं ते भेटीची वेळ मिळण्यात, म्हणून तिकीट काढण्याआधी ती वेळ बघा. ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर पहिलं पाऊल जिथे पडतं त्या देशाकडे.

(जर्मनी, नेदरलँड्स अशा शेंगेन देशात राहण्याचा परवाना असणाऱ्यांना यातलं काही लागत नाही. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड, दोन्ही जवळ ठेवा म्हणजे झालं.)

स्वस्त विमानांचे पैसे वसूल होतात ते बॅगेत. मूळ भाड्यात सीटखाली मावणारी एकच पिशवी येते. तिचं माप कंपनीगणिक बदलतं. चाकं आणि मूठ धरून टेपने मोजा, कारण गेटवर भरावा लागणारा दंड कित्येकदा तिकिटाहून जास्त असतो. चेक-इन घरूनच ऑनलाइन करा. आणि एक गोष्ट भारतीय पासपोर्टवाल्यांची नेहमी राहून जाते. काही कंपन्या युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशांची कागदपत्रं विमानतळावरच्या काउंटरवर आधी तपासून घेतात. ती तपासणी न करता सुरक्षेतून पुढे गेलात तर गेटवरून मागे पाठवतात आणि तोवर काउंटर बंद झालेला असतो. म्हणून फक्त हातातली बॅग असली तरी आधी काउंटर.

विमानतळ शहराच्या पश्चिमेला ११ किलोमीटरवर, बालित्सेला आहे. टर्मिनलला जोडूनच स्टेशन आहे. तिथून मुख्य स्टेशनला रेल्वे सुमारे २० मिनिटांत पोचते. बस त्याहून स्वस्त, पण विमानतळ शहराच्या पहिल्या झोनबाहेर असल्याने दोन झोनचं तिकीट लागतं. यंत्रावर घाईत पहिलंच बटण दाबणाऱ्यांना दंड होतो तो याच कारणाने. आणि कागदी तिकीट घेतलंत तर बसमध्ये किंवा ट्राममध्ये चढताच छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्या. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट.

आम्ही चौघं मित्र, चार दिवस. रोजचा बेत सांगाल का? दलालाचं पॅकेज घ्यावं का? — नाशिक

पॅकेजची गरज नाही. विशेषतः ‘आउश्वित्झ (नाझींची छळछावणी) आणि मिठाची खाण एका दिवसात’ अशी जी जाहिरात जागोजागी दिसते ती घेऊ नका. दोन्ही ठिकाणी मिळून सहा-सात तास चालणं, मधे तीन तास गाडीत, आणि मनावर जे येतं ते झेलायला एक क्षणही मोकळा नाही.

पहिला दिवस रिनेक, मारियात्स्की आणि वावेल. वावेलच्या आवारात जायला पैसे नाहीत, पण आतली दालनं सुट्या तिकिटांची आणि ठरलेल्या वेळेची आहेत. सगळी घेऊ नका, दमाल. राजदालनांचं एकच घ्या. राजा झिग्मुंट आउगुस्ट याने सोळाव्या शतकात ब्रसेल्सला विणून घेतलेल्या भिंतपटांपैकी शंभराहून जास्त आजही वावेलच्या संग्रहात आहेत आणि त्यातले निवडक दालनांत टांगलेले असतात. कॅथेड्रलचं तिकीट वेगळं. त्यात राजांच्या समाध्या येतात आणि १५२० साली ओतलेली झिग्मुंट घंटाही. घंटेचं वजन साडेबारा टनांच्या आसपास आहे, ती हलवायला बारा माणसं लागतात आणि मोठ्या सणांनाच वाजते. घंटेकडे जाणारा लाकडी जिना अरुंद आहे. पाठीवरची सॅक पोटावर घ्या.

दुसरा दिवस काझिमिएझ आणि नदीपलीकडचं पोद्गुझे. काझिमिएझ हे १३३५ साली राजा काझिमिएझ याने वसवलेलं वेगळं गाव. पुढे शतकानुशतकं इथे ज्यूंची मोठी वस्ती होती. रेमू सिनेगॉगमागचं दफनस्थान सोळाव्या शतकातलं. नाझींनी मोडलेल्या थडग्यांचे तुकडे जोडून त्याची एक भिंत उभी केली आहे. तिथून चालत पूल ओलांडला की पोद्गुझे. मार्च १९४१ मध्ये नाझींनी ज्यूंना काझिमिएझमधून उठवून इथे कोंडलं आणि १३-१४ मार्च १९४३ ला हा घेट्टो रिकामा केला. ज्या चौकातून माणसं छळछावण्यांकडे नेली तिथे आज रिकाम्या लोखंडी खुर्च्या उभ्या आहेत. ल्वोव्स्का रस्त्यावर घेट्टोच्या भिंतीचा तुकडा आहे. तिचा वरचा काठ थडग्यांच्या दगडासारखा गोलाकार केला होता. कोंडलेल्यांना तो रोज दिसावा म्हणून.

ज्यूंना वाचवणारा उद्योजक शिंडलर याच्या कारखान्यातलं संग्रहालय याच बाजूला. दोन गोष्टी लक्षात घ्या. ते शिंडलरपेक्षा १९३९ ते १९४५ मधल्या ताब्यातल्या क्राकूफबद्दल आहे, म्हणून ‘शिंडलर्स लिस्ट’ सिनेमाच्या ओढीने जाणाऱ्यांची थोडी निराशा होते आणि इतिहासाच्या ओढीने जाणारे अडीच तास बाहेर येत नाहीत. दुसरं, तिकिटं ठरावीक वेळेची आणि मोजकी असतात. दारात जाऊन त्याच दिवसाचं मिळेल या भरवशावर राहू नका, आठवडाभर आधी ऑनलाइन काढा. संध्याकाळी दंतकथेतल्या क्राक राजाच्या टेकाडावर चढा. मातीचा १६ मीटर उंच ढीग, तिकीट नाही, सगळं शहर समोर पसरलेलं.

तिसरा दिवस व्येलिच्का (त्याबद्दल खाली ठाण्याच्या पत्राच्या उत्तरात). चौथ्या दिवशी बहुतेक लोक डोंगरातल्या झाकोपानेला धावतात. जाऊन-येऊन पाच तास रस्त्यात जातात, सुट्ट्यांत त्याहून जास्त. त्याऐवजी चार नंबरची ट्राम पकडून नोवा हुताला जा. १९४९ पासून कम्युनिस्ट राजवटीने पोलाद कारखान्यासाठी आखून बांधलेलं हे आदर्श कामगारनगर. मधल्या चौकातून पंख्यासारखे रस्ते फुटतात आणि इमारतींच्या आत झाडांनी भरलेली अंगणं आहेत. देव नसलेलं शहर बांधायचं ठरलं होतं. लोकांनी भांडून चर्च मिळवलं आणि १९७७ मध्ये ते खुलं केलं कार्डिनल वोयतिवा यांनी, जे पुढच्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे झाले. मध्ययुगीन चौकानंतर हे पाहिलं की पोलंडची गोष्ट पुरी होते, आणि खर्च दोन ट्राम तिकिटांचा.

आम्ही शाकाहारी, सासूबाई अंडंही खात नाहीत. पोलंडमध्ये सगळं डुकराचंच असतं असं ऐकलं. चार दिवस ब्रेडवर काढायचे का? — नागपूर

नाही. उलट स्वस्तातलं पोलिश जेवण बरंचसं बिनमांसाचंच आहे, फक्त वरून काय घालतात ते विचारावं लागतं.

‘बार म्लेच्नी’ शोधा. नावात बार असला तरी दारूशी संबंध नाही. ही दूधदुभत्याची साधी खानावळ, कम्युनिस्ट काळात देशभर पसरलेली. सरकार या खानावळींना अनुदान देतं ते दूध, पीठ आणि भाज्यांच्या पदार्थांवर, मांसावर नाही. म्हणून फळ्यावर सर्वांत स्वस्त दिसतं ते शाकाहारीच. पद्धत अशी : भिंतीवरची यादी वाचा (फोनचं भाषांतर ॲप आधीच उतरवून ठेवा), गल्ल्यावर सांगून पैसे द्या, मिळालेली चिठ्ठी स्वयंपाकघराच्या खिडकीत द्या, नाव पुकारलं की ताट उचला, जेवून झाल्यावर ताट परतीच्या खिडकीत ठेवा. सूप आणि एक मुख्य पदार्थ मिळून साधारण २५ ते ३५ झ्वॉटींत (पोलंडचं चलन) जेवण होतं. संध्याकाळी लवकर बंद होतात आणि काही रविवारी उघडतच नाहीत, म्हणून मोठं जेवण दुपारी घ्या.

काय मागवायचं? पिएरोगी रुस्किए. बटाटा आणि पनीरसारख्या ताज्या चीजचं सारण भरलेल्या, करंजीच्या आकाराच्या, उकडलेल्या पुऱ्या. एका ताटात आठ-दहा येतात. यांच्यावर परतलेला कांदा घालतात किंवा ‘स्क्वार्की’, म्हणजे डुकराच्या चरबीचे तळलेले बारीक तुकडे. दोन्ही तपकिरी, दोन्ही चमकदार, घाईत फरक कळत नाही. म्हणून गल्ल्यावरच ‘बेझ स्क्वारेक’ म्हणा. कोबी आणि मशरूमच्या पिएरोगीही मिळतात, पण त्यात कधी खारवलेलं मांस असतं, विचारून घ्या. उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी किंवा ब्लूबेरी भरलेल्या गोड पिएरोगी असतात आणि त्यांना काही विचारावं लागत नाही.

सुपांबाबत सावध. झुरेकमध्ये सॉसेज असतं. बीटाचं बार्श्च आणि टोमॅटोचं सूप दिसायला निर्धोक, पण बहुतेकदा हाडांच्या पाण्यात शिजवलेलं. ब्रेडबरोबर वाटीत पांढरं लोण्यासारखं काही आलं तर ते ‘स्मालेत्स’, म्हणजे डुकराची चरबी. हात लावू नका.

सासूबाईंसाठी : बटाट्याची धिरडी (प्लात्स्की), नालेश्निकी (पातळ घावनं) आणि कोपित्का (बटाट्याचे उकडलेले गोळे) यांत अंडं असतं. पिएरोगीच्या पिठात बहुधा नसतं, तरी विचारा. हमखास चालण्यासारखं म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावर निळ्या गाड्यांवर मिळणारा ओब्वाझानेक. पिठाच्या दोन-तीन दोऱ्यांना पीळ देऊन केलेलं कडं आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात. म्हणून आत चिवट आणि बाहेर खुसखुशीत. खसखशीचा किंवा तिळाचा घ्या, आणि सकाळीच. दुपारनंतर तो कडक होतो. त्याला २०१० पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. काझिमिएझच्या प्लात्स नोव्ही चौकातल्या गोल इमारतीच्या खिडक्यांत झापिएकांका मिळते. हातभर लांब पाव, त्यावर मशरूम आणि चीज. मूळ प्रकार शाकाहारी आहे आणि एकात दोघांचं भागतं.

नाश्ता सुपरमार्केटमधून उचला. तिथे दही, केफिर, ‘त्वारुग’ म्हणजे ताजं पनीर आणि ‘मास्लांका’ म्हणजे चक्क ताक मिळतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. फक्त रिनेकवरच्या छत्र्यांखाली जेवायला बसू नका. तोच पदार्थ दोन गल्ल्या सोडून निम्म्या किमतीत मिळतो.

आईवडील सत्तरीचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. मिठाच्या खाणीत नेता येईल का? — ठाणे

वडिलांना नेता येईल. आईंच्या बाबतीत आधी आकडे बघा. सुरुवातीलाच सुमारे ३८० लाकडी पायऱ्या उतराव्या लागतात, तेव्हा कुठे ६४ मीटर खोलीवरची पहिली पातळी येते. पूर्ण मार्गावर मिळून ८०० च्या आसपास पायऱ्या, १३५ मीटर खोली, दोन-तीन तास चालणं. बहुतेक पायऱ्या उतरायच्या आहेत आणि शेवटी वर यायला लिफ्ट आहे, पण दुखऱ्या गुडघ्याला उतरणंच जास्त त्रास देतं. मध्येच परत फिरता येत नाही, कारण गट गाइडबरोबर बांधलेला असतो. चाकाची खुर्ची किंवा चालण्याची अडचण असणाऱ्यांसाठी लिफ्टने खाली नेणारा छोटा मार्ग आहे. तो मात्र खाणीच्या कार्यालयाशी आधी बोलून ठरवावा लागतो.

ज्यांना जमेल त्यांनी नक्की जावं. तिकीट शंभर झ्वॉटींच्या पुढे, म्हणजे सहलीतला सर्वांत महाग तुकडा, तरी तो वाचवू नका. १०१ मीटर खोलीवरच्या संत किंगाच्या प्रार्थनागृहात फरशी, वेदी, भिंतीवरची चित्रं, सगळं खाणकामगारांनी मिठात कोरलं आहे. झुंबराचे लोलकही मिठाचे स्फटिक आहेत. खाली बारा महिने १७-१८ अंश असतं, उन्हाळ्यातही अंगात काही घाला. जायला स्टेशनजवळून ३०४ नंबरची बस किंवा रेल्वेने ‘व्येलिच्का रिनेक–कोपाल्निया’ या शेवटच्या थांब्यापर्यंत. रेल्वे लवकर पोचवते आणि खाण तिथून चालत काही मिनिटांवर आहे. इंग्रजी गटाची वेळ ऑनलाइन घ्या.

जुन्या गावात दगडी फरसबंदी आहे, आईंना जाड तळव्याचे बूट द्या. मुक्काम रिनेकच्या अगदी शेजारी नको, शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत दारूड्यांचा गोंगाट असतो. (रात्री १२ नंतर दुकानांतून दारू विकायला शहराने २०२३ पासून बंदी घातली, तेव्हापासून फरक पडला आहे, पण पब चालूच असतात.) काझिमिएझच्या कडेला किंवा पोद्गुझेत ट्रामथांब्याजवळची खोली बघा आणि इमारतीला लिफ्ट आहे का ते लेखी विचारा. जुन्या घरांत बहुधा नसते.

आउश्वित्झला बारा वर्षांच्या मुलाला न्यावं का? — औरंगाबाद

संग्रहालयच १४ वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं सुचवतं. ते ऐकावं. एक जण मुलाबरोबर क्राकूफमध्ये थांबा, दुसरा जाऊन येईल.

जाणाऱ्यांसाठी : ठिकाण ओश्व्येंचिम गावात, क्राकूफहून सुमारे ६५-७० किलोमीटर. प्रवेश फुकट आहे, पण नावानिशी ऑनलाइन पास घ्यावा लागतो आणि दारावर ओळखपत्राशी नाव ताडतात. पैसे लागतात ते गाइडचे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने गाइड घ्यावाच. हंगामात हे पास कित्येक आठवडे आधी संपतात, म्हणून विमानाच्या तिकिटानंतर लगेच हे काम करा. मुख्य स्टेशनला लागून असलेल्या बसस्थानकातून बस दीड तासात थेट संग्रहालयाशी सोडते. रेल्वेने गेलात तर स्टेशनपासून पुढे चालावं लागतं. मोठी बॅग आत नेता येत नाही. पहिल्या छावणीपासून दुसरी छावणी बिर्केनाउ सुमारे साडेतीन किलोमीटरवर आहे, मधे फुकट बस चालते. बिर्केनाउ टाळून परतू नका. खरा विस्तार तिथे दिसतो.

रुपये, युरो की झ्वॉटी? — गोवा

पोलंडमध्ये युरो चालत नाही. युरो न्या आणि शहरातल्या ‘कांटोर’मध्ये, म्हणजे पैसे बदलून देणाऱ्या दुकानात, झ्वॉटी करून घ्या. विमानतळावरचा आणि रिनेकवरचा कांटोर टाळा. पाटीवर खरेदी आणि विक्री असे दोन दर असतात. दोन्हींतलं अंतर जितकं कमी तितकं दुकान बरं. एटीएम बँकेचंच वापरा. ‘तुमच्या चलनात रक्कम घेऊ का’ असं कार्डाच्या यंत्राने विचारलं तर नाही म्हणून झ्वॉटी निवडा, नाहीतर आठ-दहा टक्के सहज जातात. एक झ्वॉटी साधारण २२ ते २५ रुपयांना पडतो. खोली आणि मोठी तिकिटं सोडून माणशी रोज १२० ते १५० झ्वॉटी धरा, नीट भागतं.

वळिवड्याच्या छावणीत राहिलेल्या पोलिश लोकांची काही खूण क्राकूफमध्ये बघता येईल का? — कोल्हापूर

वळिवड्याची हकिकत इतर वाचकांसाठी थोडक्यात : सोव्हिएत रशियात हद्दपार झालेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे राहिली. त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना सगळं तिथे होतं. या नात्याचं स्मारक पोलंडमध्ये आहे, पण ते वॉर्सामध्ये. ते बघायचं असेल तर क्राकूफला एक दिवस कमी करा. वेगवान रेल्वेने वॉर्सा अडीच तासांच्या आत येतं आणि सकाळी जाऊन रात्री परतता येतं. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त.

कोणत्या महिन्यात जावं? मुंबईहून फक्त क्राकूफसाठी जाणं परवडेल का? — डोंबिवली

एप्रिलचा उत्तरार्ध, मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये खोल्या महाग. डिसेंबरात रिनेकवर नाताळबाजार भरतो, खोल्याही नाताळच्या आठवड्यापर्यंत बऱ्या दरात मिळतात, पण पावणेचारला सूर्य मावळतो. दम्याचा त्रास असेल तर हिवाळा टाळा. शहराने सप्टेंबर २०१९ पासून घरोघरी कोळसा आणि लाकूड जाळायला बंदी घातली आणि हवा सुधारली, तरी क्राकूफ खोलगट भागात आहे आणि आसपासच्या गावांचा धूर थंडीत इथे साचतो.

वर्षातले मोजके सोडले तर रविवारी मोठी दुकानं कायद्याने बंद असतात. ‘झाब्का’ची छोटी दुकानं बहुधा उघडी सापडतात. १ आणि ३ मे, तसंच १ आणि ११ नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी असते. अनेक संग्रहालयांत आठवड्यातून एक दिवस प्रवेश फुकट असतो. तो वार त्यांच्या संकेतस्थळावर बघून बेत आखा आणि फुकट दिवशी सकाळी लवकर जा.

मुंबईहून फक्त क्राकूफसाठी जाणं परवडत नाही, हे स्पष्टच सांगतो. थेट विमान नाही आणि एकूण खर्चातला मोठा भाग भाड्यातच जातो. प्राग, व्हिएन्ना किंवा बुडापेस्टला जोडून करा. प्राग आणि व्हिएन्नाहून क्राकूफ रेल्वेने सहा-सात तासांवर आहे. महागड्या शहरात दोन रात्री आणि क्राकूफला चार असं वाटून घेतलं तर सहल आटोक्यात राहते आणि सर्वांत जास्त रात्री पोलंडमध्ये होत असल्याने व्हिसाही पोलंडचाच घ्यायचा. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या पोलिश वकिलातीकडे जातात.

सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या दारावर नुसत्या आकृत्या असतात म्हणे. कोणती कोणाची? — सातारा

वर्तुळ बायकांचं, त्रिकोण पुरुषांचा. दोन-तीन झ्वॉटींची सुटी नाणी खिशात ठेवा, बऱ्याच ठिकाणी पैसे लागतात.